मोबाइलवर नीट न उघडणारी वेबसाइट गूगलमध्ये मागे पडते का? आणि ‘एचटीटीपीएस’चा त्यात वाटा किती?

५ जुलै २०२४ नंतर गूगलने आपली एक जुनी सवय जवळपास पूर्णपणे सोडून दिली. वेबसाइटवर काय आहे हे तपासताना ती कॉम्प्युटरवर कशी दिसते, हे पाहणं कंपनीने थांबवलं. तेव्हापासून गूगल सर्चसाठी वेबसाइट वाचल्या जातात त्या स्मार्टफोनच्या नजरेने. ज्या वेबसाइटचा मजकूर मोबाइलवर उघडतच नाही, ती गूगलच्या यादीत येणारच नाही, असं कंपनीने तेव्हा स्पष्ट केलं होतं.

या घोषणेनंतर ‘मोबाइल-फ्रेंडली नसलेल्या सगळ्या वेबसाइट गूगलमधून गायब होणार’ असे दावे सोशल मीडियावर फिरू लागले. तसं काही झालं नाही. मोबाइलवर उघडते, पण बारीक अक्षरात, दोन बोटांनी मोठी करून वाचावी लागते, अशी जुनी वेबसाइटही गूगलच्या यादीत राहू शकते. मात्र यादीत असणं वेगळं आणि वर दिसणं वेगळं.

हा फरक फक्त तंत्रज्ञांच्या कामाचा नाही. सिंधुदुर्गातलं घरगुती होमस्टे, इचलकरंजीतलं साडीचं दुकान, तालुक्याच्या बातम्या देणारं छोटं पोर्टल, गावातल्या वाचनालयाची वेबसाइट, या सगळ्यांपर्यंत लोक पोहोचतात ते बहुतेकदा सर्चमधून. सर्चमध्ये सापडत नाही ती गोष्ट बहुतेकांसाठी जणू अस्तित्वातच नसते. याच भीतीवर ‘महिनाभरात गूगलवर पहिला नंबर, शंभर टक्के गॅरंटी’ अशा जाहिरातींचा धंदा चालतो. त्यामुळे मोबाइल आणि सुरक्षितता यांचा क्रमांकाशी नेमका संबंध किती, हे समजून घेणं गरजेचं आहे.

गूगल वेबसाइट ‘वाचतं’ म्हणजे काय?

सर्चचं काम ढोबळमानाने तीन टप्प्यांत चालतं. पहिला टप्पा क्रॉलिंगचा. ‘गूगलबॉट’ नावाचा प्रोग्राम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात पानं उघडत राहतो. दुसरा टप्पा इंडेक्सिंगचा. उघडलेल्या पानावर काय लिहिलंय, कोणते फोटो आहेत, पान कशाबद्दल आहे, याची नोंद गूगलच्या प्रचंड मोठ्या सूचीत होते. तिसरा टप्पा रँकिंगचा. तुम्ही ‘सातबारा कसा काढायचा’ असं टाइप केलं, की सूचीतल्या असंख्य पानांपैकी कोणतं आधी दाखवायचं, हे क्षणार्धात ठरतं.

मोबाइल आणि सुरक्षितता या दोन गोष्टींचा परिणाम तिन्ही टप्प्यांवर होतो, पण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या पद्धतीने. काही अडचणींमुळे पान वाचलंच जात नाही. काही अडचणींमुळे ते अर्धवट वाचलं जातं. आणि काही अडचणींमुळे क्रमांकात थोडासाच फरक पडतो. या तिन्ही गोष्टी एकाच मापाने मोजल्या, की गोंधळ होतो.

मोबाइल केंद्रस्थानी कसा आला?

मे २०१५ मध्ये गूगलने सांगितलं, की अमेरिका आणि जपानसह दहा देशांत कॉम्प्युटरपेक्षा मोबाइलवरून जास्त सर्च होऊ लागले आहेत. त्याच्या काही दिवस आधी, २१ एप्रिल २०१५ रोजी, कंपनीने मोबाइल-फ्रेंडली पानांना मोबाइल सर्चमध्ये झुकतं माप द्यायला सुरुवात केली होती. या बदलाची इतकी धास्ती होती, की इंग्रजी माध्यमांनी त्याला ‘मोबाइलगेडन’ असं नाव दिलं. प्रत्यक्षात हा बदल फक्त मोबाइलवरच्या सर्चपुरता होता आणि पूर्ण वेबसाइटला नव्हे, तर एकेका पानाला लागू होता.

भारतात खरी उलथापालथ झाली ती सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर. मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि लाखो लोक पहिल्यांदाच इंटरनेटवर आले. त्यांतल्या अनेकांनी घरी कधी कॉम्प्युटर घेतलाच नाही. त्यांच्यासाठी इंटरनेट म्हणजे मोबाइलच. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘स्टॅटकाउंटर’च्या मोजणीत मोबाइल आणि टॅबलेटवरून होणाऱ्या इंटरनेट वापराने जगभरात पहिल्यांदाच कॉम्प्युटरला मागे टाकलं.

त्याच सुमारास, नोव्हेंबर २०१६ मध्ये, गूगलने ‘मोबाइल-फर्स्ट इंडेक्सिंग’ची घोषणा केली. तोवर गूगल वेबसाइटची कॉम्प्युटरवरची आवृत्ती वाचून क्रमांक ठरवायचं. पण शोधणारा माणूस मोबाइलवर असेल आणि तिथे वेगळाच, कमी मजकूर दिसत असेल, तर त्या क्रमांकाला अर्थ काय, असा प्रश्न होता. मार्च २०१८ पासून वेबसाइट टप्प्याटप्प्याने नव्या पद्धतीकडे वळवल्या गेल्या. १ जुलै २०१९ पासून नव्या वेबसाइटसाठी हीच पद्धत लागू झाली. या कामाची मुदत पुढे ढकलावी लागली. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने हे स्थलांतर पूर्ण झाल्याचं जाहीर केलं आणि उरलेल्या मोजक्या वेबसाइटची पाळी जुलै २०२४ मध्ये आली.

‘मोबाइल-फ्रेंडली’ म्हणजे नेमकं काय?

वेबसाइटचं ॲप असणं म्हणजे मोबाइल-फ्रेंडली असणं नव्हे. स्क्रीन लहान असो की मोठी, पानाने स्वतःला त्यानुसार जुळवून घेतलं पाहिजे. याला ‘रिस्पॉन्सिव्ह डिझाइन’ म्हणतात. अक्षर मोठं न करता वाचता यावं, वाक्य पूर्ण करायला पान आडवं सरकवावं लागू नये, दोन बटणं इतकी चिकटून नसावीत की एक दाबताना दुसरं दाबलं जाईल, या त्यातल्या साध्या कसोट्या.

मोबाइल-फर्स्ट पद्धतीत सर्वांत मोठा फटका बसतो तो एका वेगळ्याच चुकीचा. अनेक जुन्या वेबसाइटनी मोबाइलसाठी स्वतंत्र, ‘हलकी’ आवृत्ती बनवली. तिथे जागा कमी म्हणून लेखाचा अर्धा भाग, तक्ते किंवा फोटोंखालची माहिती गाळली. पूर्वी हे चालून जायचं, कारण गूगल कॉम्प्युटरची पूर्ण आवृत्ती वाचायचं. आता ते मोबाइलची कापलेली आवृत्तीच वाचतं. म्हणजे जे मोबाइलवर नाही, ते गूगलच्या लेखी नाहीच. हॉटेलने दरपत्रक फक्त कॉम्प्युटरच्या आवृत्तीत ठेवलं असेल, तर दर शोधणाऱ्या ग्राहकाला ते हॉटेल दिसण्याची शक्यता तिथेच कमी होते.

दुसरा मुद्दा पॉप-अपचा. पान उघडल्याबरोबर पूर्ण स्क्रीन झाकणारी जाहिरात किंवा ‘नोटिफिकेशन सुरू करा’चा फलक आला, की वाचक वैतागतो. १० जानेवारी २०१७ पासून अशा पानांचा मोबाइल सर्चमधला क्रमांक घसरू शकतो, असं गूगलने जाहीर केलं. कुकीची परवानगी किंवा वय विचारणारे, कायद्याने आवश्यक असलेले फलक यातून वगळलेले आहेत.

वेगाचे तीन आकडे

जुलै २०१८ पासून पान उघडण्याचा वेग मोबाइल सर्चमध्ये विचारात घेतला जाऊ लागला. पण तेव्हाही गूगलने सांगितलं होतं, की फटका फक्त अतिशय हळू पानांनाच बसेल. जून २०२१ पासून ‘कोअर वेब व्हायटल्स’ नावाची मोजमापं त्यात आली. सध्या ती तीन आहेत.

पहिलं, पानावरचा मुख्य फोटो किंवा मजकूर दिसायला लागणारा वेळ. तो अडीच सेकंदांच्या आत असावा. दुसरं, बटण दाबल्यावर पान किती लवकर प्रतिसाद देतं. मार्च २०२४ पासून हे नव्या पद्धतीने मोजलं जातं आणि तो वेळ २०० मिलिसेकंदांच्या आत असावा लागतो. तिसरं, पान उघडताना मजकूर किती उड्या मारतो. तुम्ही लिंकवर बोट टेकवता आणि नेमक्या त्याच क्षणी वरून जाहिरात येऊन सगळं खाली सरकतं, हा अनुभव प्रत्येकाने घेतला असेल. या सरकण्याचा गुणांक ०.१ पेक्षा कमी असावा.

हे आकडे गूगलच्या प्रयोगशाळेत नव्हे, तर क्रोम ब्राउझर वापरणाऱ्या खऱ्या लोकांच्या मोबाइलवरून येतात. किमान ७५ टक्के भेटींमध्ये हे निकष पाळले गेले, तर पान ‘चांगलं’ ठरतं. त्यामुळे पुण्यातल्या ऑफिसच्या वाय-फायवर, नव्याकोऱ्या फोनवर वेबसाइट झटकन उघडते म्हणून निश्चिंत राहून चालत नाही. मेळघाटातला वाचक जुन्या फोनवर, डळमळीत नेटवर्कवर तीच वेबसाइट उघडतो आणि मोजमापात त्याचीही भेट धरली जाते.

देवनागरीची वेगळी अडचण

मराठी वेबसाइटना या बाबतीत काही खास अडचणी आहेत, ज्यांची चर्चा इंग्रजीतल्या सल्ल्यांमध्ये क्वचितच दिसते.

सर्वांत जुनी अडचण फॉन्टची. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी वेबसाइट आपापले फॉन्ट वापरत. त्यात पडद्यावर ‘क’ दिसला, तरी कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असे. सर्च इंजिनला असा मजकूर म्हणजे निरर्थक अक्षरांची रांग. अनेक संस्थांचे जुने लेख, अहवाल आणि दिवाळी अंकांची पानं आजही अशा फॉन्टमध्ये किंवा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये अडकली आहेत. ती इंटरनेटवर असूनही सापडणं कठीण असतं. तीच गोष्ट फोटोच्या रूपात टाकलेल्या सूचनांची. व्हॉट्सॲपवर फिरवायला फोटो सोयीचा, पण त्यातली अक्षरं पानावर मजकूर म्हणून नसतात. मोबाइलवरही असा फोटो मोठा करूनच वाचावा लागतो.

दुसरी अडचण फॉन्टच्या वजनाची. देवनागरीत जोडाक्षरांसाठी शेकडो वेगळे आकार लागतात. त्यामुळे देवनागरी फॉन्टची फाइल साध्या रोमन फॉन्टपेक्षा जड असते. तिचे जाड, मध्यम, बारीक असे चार-पाच प्रकार एकाच पानावर लावले, की हळू नेटवर्कवर पान अडतं. आधी फोनमधला साधा फॉन्ट दिसतो, मग वेबसाइटचा फॉन्ट येतो आणि ओळींची लांबी बदलून सगळा मजकूर उडी मारतो. वर सांगितलेलं तिसरं मोजमाप बिघडतं ते इथेच. मुक्ता, बलू यांसारखे देवनागरीचे चांगले फॉन्ट मोफत उपलब्ध आहेत. त्यातले एक-दोनच प्रकार वापरणं हा यावरचा सोपा उपाय.

तिसरी अडचण ओळींमधल्या अंतराची. इंग्रजीसाठी बनवलेली तयार थीम घेऊन त्यात मराठी मजकूर भरला, की रफार आणि वेलांट्या वरच्या ओळीला भिडतात, उकार कापले जातात. याचा थेट क्रमांकाशी संबंध नसला, तरी वाचक दोन ओळी वाचून मागे फिरतो आणि नुकसान व्हायचं ते होतंच.

‘एचटीटीपीएस’मुळे क्रमांक किती वाढतो?

६ ऑगस्ट २०१४ रोजी गूगलने जाहीर केलं, की वेबसाइटच्या पत्त्याची सुरुवात ‘एचटीटीपी’ऐवजी ‘एचटीटीपीएस’ने होत असेल, तर क्रमांक ठरवताना ते विचारात घेतलं जाईल. मात्र हा निकष अतिशय हलका आहे, त्याचा परिणाम जगभरातल्या एक टक्क्याहून कमी सर्चवर होतो आणि चांगल्या मजकुराचं वजन त्याहून कितीतरी जास्त आहे, असंही त्याच घोषणेत होतं. ही दुसरी बाजू एसईओ विकणाऱ्यांच्या जाहिरातीत सहसा दिसत नाही.

एचटीटीपीएस तीन कामं करतं. तुमचा फोन आणि वेबसाइट यांच्यातली माहिती सांकेतिक रूपात जाते, म्हणून रेल्वे स्टेशनच्या मोफत वाय-फायवर बसलेला तिसरा माणूस ती वाचू शकत नाही. माहिती वाटेत बदलली गेली, तर ते लक्षात येतं. आणि पत्त्यात लिहिलेल्या डोमेनशीच आपण जोडले गेलो आहोत, याची खात्री होते. एचटीटीपीच्या काळात काही इंटरनेट कंपन्या दुसऱ्यांच्या पानांत वाटेतच स्वतःच्या जाहिराती घुसवत असल्याच्या तक्रारी भारतातही झाल्या होत्या. एचटीटीपीएसमुळे तो मार्ग बंद झाला.

पूर्वी यासाठी लागणारं सर्टिफिकेट विकत घ्यावं लागायचं. डिसेंबर २०१५ मध्ये ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या ना-नफा उपक्रमाने ते सर्वांना मोफत द्यायला सुरुवात केली आणि चित्र बदललं. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर प्रत्येक एचटीटीपी पानावर ‘नॉट सिक्युअर’ असा शिक्का दाखवू लागला. २०२३ मध्ये गूगलनेच दिलेल्या माहितीनुसार, विंडोजवरच्या क्रोममध्ये उघडल्या जाणाऱ्या पानांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक पानं एचटीटीपीएसवर होती.

याचा अर्थ असा, की आता एचटीटीपीएस असल्याने कुणी पुढे जात नाही, कारण ते जवळपास सगळ्यांकडे आहे. नसेल तर मात्र वाचक ब्राउझरचा इशारा पाहूनच परत जातो.

पुढच्या काळात इथे एक नवी अडचण येणार आहे. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांच्या ‘सीए ब्राउझर फोरम’ने एप्रिल २०२५ मध्ये सर्टिफिकेटची मुदत टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरवलं. आधी ती जास्तीत जास्त ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस, असा हा कार्यक्रम आहे. वर्षातून एकदा आठवणीने नूतनीकरण करणाऱ्या शाळा, पतसंस्था, नगरपरिषदा यांच्या वेबसाइटना ते आपोआप होईल अशी सोय करावीच लागेल. नाहीतर एके दिवशी मुदत संपते, वाचकाला पूर्ण स्क्रीनभर धोक्याचा इशारा दिसतो आणि वेबसाइट असून नसल्यासारखी होते.

कुलूप म्हणजे भरवसा नव्हे

वाचकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. ॲड्रेस बारमधलं कुलूप पाहून ‘ही वेबसाइट खरी आहे’ असं अनेकांना वाटतं. कुलूप एवढंच सांगतं, की तुमचा आणि त्या वेबसाइटचा संवाद तिसऱ्याला ऐकू येत नाही. समोर बोलणारा माणूस प्रामाणिक आहे की ठग, हे ते सांगत नाही. मोफत सर्टिफिकेट जसं प्रामाणिक दुकानदाराला मिळतं, तसंच बँकेच्या नावाने बनावट वेबसाइट काढणाऱ्यालाही मिळतं.

गूगलच्या २०२१ मधल्या एका अभ्यासात फक्त ११ टक्के सहभागींना या कुलपाचा नेमका अर्थ माहीत होता. म्हणूनच सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने कुलूप काढून त्या जागी सेटिंग्जसारखं साधं चिन्ह आणलं.

मग ओळखायचं कसं? डोमेनवरून, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यावरून. सरकारी वेबसाइटच्या पत्त्याचा शेवट सहसा ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असा असतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव डोमेनवर येण्यास सांगितलं होतं. असे डोमेन कुणालाही विकत घेता येत नाहीत, हा त्यांचा फायदा.

खरा फटका हॅकिंगचा

सुरक्षितता म्हणजे फक्त एचटीटीपीएस, हा आणखी एक गैरसमज. सर्चमधल्या क्रमांकाला खरा धक्का बसतो तो वेबसाइट हॅक झाल्यावर.

वर्डप्रेससारख्या प्रणालीवर चालणाऱ्या वेबसाइटमध्ये वर्षानुवर्षं अपडेट न केलेले प्लगइन असतात. त्यातल्या फटीतून हल्लेखोर आत शिरतात. ते वेबसाइट बंद पाडत नाहीत, कारण त्यांना तिच्या चांगल्या नावाचा फायदा घ्यायचा असतो. ते आत गुपचूप शेकडो नवी पानं तयार करतात. कधी जपानी भाषेत बनावट ब्रँडच्या वस्तूंची, कधी औषधांची, कधी जुगाराची. मालकाला मुखपृष्ठ नेहमीसारखंच दिसतं. गूगलला मात्र ही पानं दिसत असतात.

सरकारी वेबसाइटही याला अपवाद नाहीत. मे २०२४ मध्ये ‘टेकक्रंच’ने दिलेल्या वृत्तानुसार, गोवा, बिहार, कर्नाटक, केरळ अशा राज्यांशी संबंधित ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ वेबसाइटच्या सुमारे चार डझन लिंक वाचकांना ऑनलाइन सट्टेबाजीच्या वेबसाइटवर नेत होत्या. राखीव डोमेनमुळे पत्ता खरा आहे हे कळतं, पण त्या पत्त्यावरचं घर नीट बंद केलेलं आहे की नाही, हे कळत नाही.

गूगलला हॅकिंग लक्षात आलं, तर सर्चच्या निकालात ‘ही साइट हॅक झालेली असू शकते’ अशी सूचना दिसू शकते. फसवणूक किंवा घातक सॉफ्टवेअर आढळलं, तर क्रोम लाल पडदा दाखवतो. अशा वेळी वर्षानुवर्षं मिळवलेला वाचक काही तासांत तुटतो. साफसफाई करून गूगलकडे फेरतपासणीची विनंती केल्यावर इशारा हटतो, पण गेलेला वाचक परत येईलच असं नाही.

मग पहिला नंबर कशाने मिळतो?

एप्रिल २०२३ मध्ये गूगलने आपल्या रँकिंग प्रणालींच्या यादीतून मोबाइल-फ्रेंडलीपणा, वेग आणि सुरक्षित वेबसाइट या स्वतंत्र नोंदी काढल्या. त्यावर ‘आता याला महत्त्व उरलं नाही’ असा अर्थ काहींनी काढला. कंपनीने खुलासा केला, की या स्वतंत्र ‘प्रणाली’ नव्हत्या, मुख्य प्रणाली वापरतात ते हे संकेत आहेत. वाचकाचा अनुभव चांगला असावा, पण तो सुमार असला तरी सर्वांत उपयुक्त मजकूर असलेलं पान वर येऊ शकतं, अशी गूगलची भूमिका आहे.

सोप्या शब्दांत सांगायचं, तर हे परीक्षेच्या हॉल तिकिटासारखं आहे. हॉल तिकीट नसेल तर आत बसता येत नाही. पण ते असल्याने मार्क मिळत नाहीत. मार्क मिळतात ते उत्तरपत्रिकेवर. दोन उत्तरपत्रिका अगदी तोडीस तोड असतील, तेव्हा अक्षर आणि टापटीप उपयोगी पडते. वेग आणि मोबाइलवरचा अनुभव यांचं काम तसंच आहे.

म्हणूनच एखाद्या सरकारी योजनेची माहिती शोधताना मूळ शासन निर्णयाआधी खासगी वेबसाइट दिसल्या, तर त्यामागे काही गूढ असेलच असं नाही. शासन निर्णय पीडीएफमध्ये असतो आणि त्याची भाषा कार्यालयीन असते. ‘पात्रता काय, कागदपत्रं कोणती, शेवटची तारीख काय’ हे लोक ज्या शब्दांत विचारतात, त्याच शब्दांत मोबाइलवर सहज वाचता येईल असं उत्तर देणारं पान सर्च इंजिनला जवळचं वाटणं स्वाभाविक आहे. त्यातली काही पानं चांगली असतात. काही चुकीची माहिती देतात, काही फॉर्मच्या नावाखाली आधार क्रमांक गोळा करतात. खरी माहिती देणाऱ्याने ती वाचण्याजोगी केली नाही, तर ती जागा दुसरा कुणीतरी भरतो. याची किंमत मोजतो तो अर्ज करणारा माणूस.

नियम ठरवणारी कंपनी एकच

या सगळ्यात एक अस्वस्थ करणारा प्रश्न उरतो. भारतातला बहुतांश सर्च गूगलवर होतो. वेबसाइट कशी असावी, हे ठरवणारी, ते मोजणारी आणि मोजमापासाठी ब्राउझर पुरवणारी कंपनी एकच आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सर्चच्या निकालांत पक्षपात केल्याबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने गूगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवल्याचा निकाल दिला.

नियम बदलले, की छोट्यांची दमछाक होते. ‘एएमपी’ हे त्याचं ताजं उदाहरण. ऑक्टोबर २०१५ मध्ये गूगलने पानं झटपट उघडण्यासाठी हे तंत्र आणलं. मोबाइलवर ठळक बातम्यांच्या पट्ट्यात दिसायचं, तर ते वापरणं भाग होतं. वृत्त वेबसाइटनी पैसे आणि मनुष्यबळ खर्चून प्रत्येक बातमीची वेगळी एएमपी आवृत्ती केली. जून २०२१ मध्ये ती अट निघाली आणि अनेकांनी पुढे ते तंत्र सोडून दिलं. मोठ्या कंपन्यांना हा खर्च परवडतो. तीन माणसांच्या जिल्हा पोर्टलला तो जड जातो.

तरीही मोबाइल आणि सुरक्षिततेच्या नियमांबाबत एक गोष्ट मान्य करावी लागते. हे निकष गूगलच्या सोयीचे असले, तरी वाचकाच्याही हिताचे आहेत. उद्या गूगलने ते यादीतून काढून टाकले, तरी स्वस्त फोनवर, कमी डेटात, फसवणूक न होता वाचता येणारी वेबसाइटच लोकांना हवी असणार.

वेबसाइट चालवणाऱ्यांनी काय पाहावं?

– आपली वेबसाइट स्वतःच्या नव्हे, घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर, वाय-फाय बंद करून उघडून पाहा.
– कॉम्प्युटरवर दिसणारी सगळी माहिती मोबाइलवरही आहे ना, ते तपासा.
– पत्ता, फोन नंबर, दर, वेळा या गोष्टी फोटोत नको, युनिकोड मजकुरात द्या.
– सर्टिफिकेटचं नूतनीकरण आपोआप होतं का, हे होस्टिंग कंपनीला विचारा. जुना एचटीटीपी पत्ता टाकला, तर नव्या पत्त्यावर जातो ना, तेही पाहा.
– न वापरलेले प्लगइन काढून टाका, उरलेले अपडेट ठेवा, बॅकअप वेगळ्या जागी ठेवा.
– गूगलचं ‘सर्च कन्सोल’ मोफत आहे. वेबसाइट हॅक झाली किंवा पानं वाचता येत नसतील, तर तिथे कळतं. मोबाइल-फ्रेंडलीपणा तपासण्याचं गूगलचं जुनं साधन डिसेंबर २०२३ मध्ये बंद झालं, पण क्रोममधलं ‘लाइटहाउस’ आणि ‘पेजस्पीड इनसाइट्स’ ही साधनं उपलब्ध आहेत.
– पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलने आपल्या मार्गदर्शनात म्हटलं आहे.

आणि वाचकांसाठी एकच गोष्ट. सर्चमध्ये सर्वांत वर दिसलेलं पान हे सर्वांत खरं असतंच असं नाही. ते सापडायला, उघडायला आणि वाचायला सोपं होतं, एवढंच त्यावरून कळतं. त्यावर आधार क्रमांक, ओटीपी किंवा पैसे द्यायची वेळ आली, तर बोट टेकवण्याआधी वरचा पत्ता एकदा शेवटपर्यंत वाचा.